झाकलेला पाव

शुक्रवारी दिवस मावळला, की ज्यू घरातल्या टेबलावर दोन पाव मांडलेले असतात आणि त्यांच्यावर एक स्वच्छ फडकं घातलेलं असतं. शेजारी द्राक्षारसाचा काठोकाठ भरलेला पेला. पाव झाकायचं कारण विचारलं तर वडीलधारे दोन गोष्टी सांगतात. इजिप्तमधून सुटलेले लोक वाळवंटात भटकत होते तेव्हा आकाशातून ‘मान्ना’ नावाचं अन्न पडायचं. ते खाली दव आणि वर दव अशा दोन थरांमध्ये असायचं, आणि शुक्रवारी दुप्पट पडायचं, म्हणून पाव दोन आणि म्हणून वर-खाली कापड. दुसरं कारण मला जास्त आवडतं. तोरा या ज्यू धर्मग्रंथात इस्रायलच्या भूमीच्या सात पिकांची नावं येतात. त्यांत गहू पहिला, मग जव, आणि द्राक्षवेल तिसरी. म्हणजे आशीर्वादाचा पहिला मान पावाचा. पण शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवसाच्या, रात्री पेला आधी उचलला जातो. आपला मान डावललेला पावाला दिसू नये, त्याला वाईट वाटू नये, म्हणून त्याला तेवढा वेळ झाकून ठेवायचं.

पावाच्या मनाचा विचार करणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

पावावरच्या आशीर्वादाला ‘हामोत्सी’ म्हणतात. मूळ हिब्रूत तो दहा शब्दांचा आहे, आणि तो म्हणताना दोन्ही हातांची दहा बोटं पावावर टेकवण्याची रीत आहे. विश्वाच्या राजाला धन्य म्हणायचं, आणि तो राजा कसला, तर जमिनीतून भाकरी बाहेर काढणारा. मी पहिल्यांदा हा अर्थ ऐकला तेव्हा तिथेच अडखळलो. जमिनीतून भाकरी कुठे निघते? जमिनीतून गहू निघतो. गव्हाची भाकरी होईपर्यंत किती हात लागतात! हे रचणाऱ्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मपंडितांना, ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या ताल्मुदात बेन झोमा नावाच्या ज्ञानी माणसाची एक हकिकत आहे. जेरुसलेमच्या मंदिराच्या टेकडीवर जमलेली गर्दी बघून तो म्हणाला, की पहिल्या माणसाला, आदमला, भाकरीचा एक घास मिळवायला काय काय करावं लागलं असेल. नांगरणं, पेरणं, कापणं, पेंढ्या बांधणं, मळणी, उफणणी, निवडणं, दळणं, चाळणं, मळणं, भाजणं, तेव्हा कुठे तो जेवला. आणि मी सकाळी उठतो तर हे सगळं माझ्यापुढे तयार.

शब्बाथला जी एकोणचाळीस प्रकारची कामं बंद असतात, त्यांची यादी ताल्मुदाच्या आधीच्या मिश्ना या ग्रंथात दिलेली आहे. तिची सुरुवात याच अकरा कामांनी होते. पेरण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं बंद. म्हणजे आठवडाभर माणूस ज्या कष्टाने भाकरी उभी करतो तो कष्ट शुक्रवारी सूर्यास्ताला थांबवायचा, हात रिकामे करायचे, आणि त्या रिकाम्या हातांची दहा बोटं तयार पावावर ठेवून म्हणायचं, की ही जमिनीतून तूच काढलीस.

या आशीर्वादांची जी व्यवस्था आहे ती जरा बारकाईने बघण्यासारखी आहे. झाडावरच्या फळाला एक आशीर्वाद, जमिनीतल्या भाजीला दुसरा, आणि पाणी, दूध, मासे अशा बाकी सगळ्यांना एक सर्वसाधारण आशीर्वाद. फळाचा रस काढला, की त्याचा मान उतरतो. डाळिंब खाताना झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात, पण डाळिंबाच्या रसाला सर्वसाधारण. याला अपवाद द्राक्षाचा. द्राक्षाचा रस काढला, की तो उतरत नाही, उलट चढतो आणि त्याला स्वतःचा वेगळा आशीर्वाद मिळतो, वेलीचं फळ निर्माण करणाऱ्याला धन्य म्हणणारा. गव्हाचंही तसंच. नुसते गव्हाचे दाणे चघळले तर ती जमिनीची उपज, पाव झाला की हामोत्सी. माणसाचा हात लागल्यावर ज्या गोष्टींचं मोल वाढतं, नेमक्या त्याच गोष्टींना सर्वांत मोठा आशीर्वाद आहे.

रब्बी अकिवाची गोष्ट इथे आठवते. रोमन सुभेदाराने त्याला विचारलं, कोणाची कृती सुंदर, देवाची की माणसाची? सुभेदाराला वाटलं असेल, हा धार्मिक माणूस देवाचीच म्हणणार. अकिवा म्हणाला, माणसाची. आणि त्याने पुढे दोन गोष्टी ठेवल्या, एकीकडे गव्हाच्या ओंब्या, दुसरीकडे भाजलेल्या पोळ्या. यांतलं काय खाशील? अकिवाचा हा आत्मविश्वास आणि हामोत्सीची नम्रता एकाच परंपरेत नांदतात. माणसाने काहीच केलं नाही असं ती परंपरा म्हणत नाही. सगळ्यांत जास्त जिथे केलं, तिथेच ती त्याला हात मागे घ्यायला सांगते. अहंकार मोडायची याहून शहाणी जागा मला दुसरी दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं दूरच्या देशाचं वाटू नये. कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यू मंडळी शतकानुशतकं राहिली. तेल गाळायचा धंदा करायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पण कोकणात गहू कुठला आणि द्राक्षं कुठली? हामोत्सी म्हणायचा तो गहू, जव आणि त्यांच्याच जातकुळीतल्या आणखी तीन धान्यांच्या भाकरीवर. तांदळाच्या भाकरीवर तो म्हणता येत नाही. तांदळाला वेगळा, जरा खालचा आशीर्वाद आहे. रोजच्या ताटात तांदूळ असलेल्या त्या घरांना गव्हाची पोळी म्हणजे काय, हे आपण सोलापूर-नगरकडच्यांनी जरा कल्पनेने समजून घ्यायला हवं. द्राक्षारसाची अडचण त्यांनी मनुकांनी सोडवली. मनुका भिजवून काढलेला रस किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या रात्री पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला, चालतो, याला ताल्मुदाचा आधार आहे.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं शार हश्शामाइम सिनेगॉग आहे. त्या भागात राहणाऱ्या एका आजींच्या स्वयंपाकघरात मी मनुकांचं हे सरबत होताना पाहिलं आहे. काळ्या मनुका दोन पाण्यांनी धुऊन त्यांनी भिजत घातल्या होत्या. फुगून मऊ झाल्यावर त्या हातानेच कुस्करायला घेतल्या. मिक्सर समोर होता, पण बिया फुटल्या की रस तुरट होतो, असं त्या म्हणाल्या. मग पातळ मलमलीच्या फडक्यातून पिळून काढलं. गढूळ, तांबूस रंगाचं पाणी, वर एखादा सालीचा कण तरंगत असलेलं. संध्याकाळी आजोबांनी त्याच रसाचा पेला तळहातावर घेऊन किद्दुश म्हटलं, तेव्हा मी बाजूला उभा होतो. आधी सृष्टीच्या सहाव्या दिवसाचं आणि सातव्या दिवसाच्या विसाव्याचं वर्णन, मग वेलीच्या फळाचा आशीर्वाद, मग शब्बाथचं पावित्र्य, त्यात सृष्टीच्या निर्मितीची आणि इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची आठवण. हिब्रू प्रार्थना संपली आणि “घे रे, एक घोट सगळ्यांनी घ्यायचा,” हे मराठीत. नंतर हात धुतले, कोणी काही बोललं नाही, फडकं काढलं, हामोत्सी झाला, आणि मिठाला लावलेला तुकडा माझ्या हातावर आला. मंदिरातल्या वेदीवरच्या अर्पणाला मीठ लागायचं. मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली, आता घरचं टेबल हीच वेदी.

हे वाचून अनेकांना आपल्याकडच्या चित्राहुती आठवतील. मला माझे वडील आठवले, ताटाभोवती पाणी फिरवणारे.

किद्दुशमध्ये आधी पेल्याचा आशीर्वाद की आधी दिवसाचा, यावर हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या गुरूंच्या पंथांत वाद झाला होता. शम्मायचे लोक म्हणाले, दिवस आधी. हिल्लेलचे म्हणाले, पेला आधी, कारण पेला समोर आहे म्हणून तर दिवसाचा आशीर्वाद म्हणता येतो. आजही हिल्लेलचंच चालतं. मला हा निर्णय फार जवळचा वाटतो. पावित्र्य हवेत राहत नाही, त्याला हातात धरता येईल असं काहीतरी लागतं. म्हणून लग्नात पेला, सुंतेला पेला, शब्बाथ संपताना पेला. इजिप्तमधून सुटकेचा सण असलेल्या पेसाहच्या रात्री तर चार पेले. त्या रात्री इजिप्तवर कोसळलेल्या दहा संकटांची नावं घेताना पेल्यातून एकेक थेंब बाहेर काढतात. त्याचा एक अर्थ असा सांगतात, की आपल्या सुटकेपायी दुसऱ्या कोणाचे प्राण गेले, मग आपल्या आनंदाचा पेला भरलेला कसा ठेवायचा? शत्रूच्या मरणाने आपला पेला थोडा रिता करायचा, ही शिकवण ज्यांनी ताटावर बसून मुलांना दिली, त्यांना मी हात जोडतो. त्या रात्रीची पोथी, हग्गादा, १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्यात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत.

ताल्मुदात आशीर्वादांच्या प्रकरणात रब्बी दोन वचनं समोरासमोर ठेवतात. एक म्हणतं पृथ्वी देवाची, दुसरं म्हणतं ती त्याने माणसांना दिली. खरं कुठलं? दोन्ही. आशीर्वाद म्हणण्याआधी ती देवाची, म्हटल्यावर माणसाची. न म्हणता खाणारा, त्यांच्या मते, दुसऱ्याचं लुटतो.

आणखी एक गोष्ट. जेवणाआधीचा आशीर्वाद रब्बींनी घालून दिलेला आहे, जेवणानंतरचा मात्र थेट तोराची आज्ञा. खा, तृप्त हो, आणि मग धन्य म्हण. त्याच ठिकाणी पुढे इशारा आहे, की पोट भरलं, घरं बांधली, गुरं वाढली, की मन चढतं आणि देणारा विसरला जातो. भुकेल्या माणसाला आठवण करून द्यावी लागत नाही. तेव्हा कधी ठाण्यात किंवा अलिबागला शुक्रवारच्या रात्रीचं आमंत्रण आलं, तर नक्की जा. हात धुतल्यावर पावाचा तुकडा मिळेपर्यंत बोलू नका, आणि जेवण झालं म्हणून लगेच उठू नका. मुख्य प्रार्थना अजून व्हायची असते.