एक हिवाळा राहून पाहा

परदेशी स्थायिक झालेली मुले "आता इकडेच या" म्हणू लागली, की आपल्या वयाच्या माणसाची झोप उडते. माझी कन्या टोरांटोला असते. यजमान गेल्यानंतर नांदगाव खंडेश्वरच्या घरात मी एकटी उरले. वय ७१, सोबतीला रक्तदाब आणि मधुमेह. "आई, रात्री तुझा फोन लागला नाही की जीव थाऱ्यावर राहत नाही," हे तिचे म्हणणे खरेच होते.

पूर्वी दोन उन्हाळे मी तिच्याकडे काढले होते. पण उन्हाळ्यात गेलेला माणूस पाहुणाच असतो. म्हणून कायमचे ठरवण्यापूर्वी गेल्या वर्षी नोव्हेंबर ते मार्च तिथे राहिले. डिसेंबरात पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळे. लेक-जावई कामावर, नातवंडे शाळेत. नांदगावात मी रोज खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिरापर्यंत चालत जाते. तिथे पायरीवरचा बर्फ पाहून दारातूनच परतत असे. अन्नावरची वासना उडाली. मग न घसरणारे बूट घेतले, बसने एकटी ग्रंथालयात जाऊ लागले. महिन्याभरात जेवण पुन्हा गोड लागू लागले. उतारवयात परका देश आपला होतो, तो आपल्या पायांनी जेवढा फिरता येतो तेवढाच.

काही गोष्टी आधीच पाहाव्यात. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडिलांना एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. मात्र त्यासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा खासगी आरोग्यविमा घ्यावा लागतो. जुने आजार त्यात धरले आहेत का, ते कलम नीट वाचून घ्या. औषधांची चिठ्ठी मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्या. आपल्याकडची व्यापारी नावे तिथे सहसा चालत नाहीत. हिवाळ्यात ऊन पुरत नाही, म्हणून 'ड' जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना विचारा.

आणि मुलांनो, आईवडिलांसाठी खोली सजवण्याआधी त्यांचा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हा वेळ कसा जाईल, याचा विचार करा.

येत्या ऑक्टोबरात मी जाणार आहे. घर मात्र विकलेले नाही. किल्ली शेजारच्या वहिनींकडे राहील. परतीची वाट मोकळी आहे, म्हणूनच निघताना मन शांत आहे. तुम्हीही निर्णय घाईने घेऊ नका. एक हिवाळा राहून पाहा, मग ठरवा.