तूर रोखीनं, डाळ उधारीनं

तिवशात एखादा पोरगा "धंदा टाकतो, सरकार पैसा देते" म्हणाला, की मी त्याला माझ्या डाळ मिलवर बोलावते आणि उधारीची वही दाखवते.

सरकार पैसा देतं, हे खोटं नाही. माझी मिल प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून उभी राहिली. ३५ टक्के अनुदान, बाकी बँकेचं कर्ज आणि माझा वाटा. यंत्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या धर्तीचं, तासाला क्विंटलभर तूर काढणारं. पण यंत्र एकदाच घ्यावं लागतं, तूर दर हंगामात घ्यावी लागते. तिचे पैसे जानेवारी ते मार्च एवढ्या अवधीतच मोजावे लागतात, कारण शेतकऱ्याला सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, लग्न असतं, तो थांबू शकत नाही. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. वर्षभर पुरेल अशी पन्नास क्विंटल भरायची म्हटली, तर चार लाख रोख हवेत. बचत गटातल्या बाईला याच योजनेत ४०,००० रुपये बीज भांडवल मिळतं. म्हणजे पाच क्विंटल तूर. माझा रोलर ती सकाळी घेतो आणि संध्याकाळी रिकामा होतो. योजना मशीन मोजते, फिरता पैसा मोजत नाही, असं माझं मत झालंय.

म्हणून पोट भरतं ते भरडाईवर. माल लोकांचा, मजुरी माझी. आधी रोलरवर तुरीच्या सालाला ओरखडे पाडायचे, तेल चोळून रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, मग उन्हात वाळवायची, पाण्याचा हात द्यायचा, पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठं साल सुटतं. वऱ्हाडचं मार्च-एप्रिलचं ऊन हा माझा बिनपगारी कामगार. अवकाळी पाऊस आला की ताडपत्र्यांखाली सगळं ठप्प, आणि घाईनं भरडली तर डाळीवर साल चिकटून राहतं, चुनी वाढते. त्यावरून भांडणं ठरलेली.

"ताई, दहा किलो तूर देली, अन् डाळ सातच?"

"काकू, चुनी अन् भुसा पण तोला ना."

"ते तं म्हशीचं झालं. घरच्यायले काय सांगू?"

काकूंचं गणित चुकीचं नसतं. शंभर किलोंतून सत्तरच्या आसपास डाळ निघते, बाकी जनावरांच्या गव्हाणीत जाते. मात्र तीच तूर विकून बाजारातून डाळ आणली असती, तर चुनी दुसऱ्याच्या म्हशीनं खाल्ली असती. भरडाईचे पैसेही गावातच फिरतात. मोटार जळली की भरणारा गावातला, पोती आणणारा ऑटोवाला गावातला, वाळवणाला येणाऱ्या दोघी शेजारच्या गल्लीतल्या. अकोल्याच्या मोठ्या मिलांशी मी भावात टिकूच शकत नाही, पण तिथं कुणी दहा किलो घेऊन जात नाही.

स्वतःची डाळ मात्र विकायला अमरावती गाठावी लागते, आणि तिथं उधारीची वही सुरू होते. कायद्यानं मी भक्कम आहे. २००६च्या कायद्याप्रमाणे, करार असला तरी लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. २०२४पासून तर प्राप्तिकराचा नियमही आला: वेळेत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा धरत नाहीत. मी हौसेनं बिलावर उद्यम नोंदणीचा नंबर छापून घेतला. एका दुकानदारानं बिल उलटंसुलटं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ताई, हा नंबर नाही टाकला तर चालन का? नाही तं आम्हाले दुसरीकडून घ्यावं लागते." तक्रार केली तर पैसे मिळतीलही, गिऱ्हाईक जाईल. आणि त्याचीही डाळ मेसवाल्यांकडे उधारीवरच गेलेली असते, हे मला माहीत आहे. नंबर मी तसाच ठेवला. त्याच्याकडचा माल निम्म्यावर आला.

रोख विक्री होते ती मोझरीला. गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला गावोगावची माणसं येतात. अर्ध्या किलोच्या पिशव्या घेतात, मुठीत डाळ घेऊन वास घेतात, साल दिसलं तर तोंडावर सांगतात. सुटे पैसे सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला येतो, पण रात्री गल्ला खरा असतो.

यंदा ओळखीच्या काही शेतकऱ्यांशी वेगळा सौदा केलाय. तूर टाकताना अर्धे पैसे, उरलेले दिवाळीच्या आत तो मागेल त्या दिवशी, त्या दिवसाच्या अमरावती बाजार समितीच्या भावानं. भाव चढला तर मी अडकू नये म्हणून त्यांची तूर शेवटी भरडते, तोवर भुंग्यापासून जपते. एका भाऊंनी कागदावर सही करण्याआधी विचारलं, "अन् भाव उतरला तं?"

"तर त्या दिवशी मागू नका."

"अन् दिवाळीपर्यंत चढलाच नाही तं?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला, ठरवलेल्या तुरीपैकी निम्मीच पोती उतरवली आणि उरलेली घेऊन बाजार समितीकडे गेले.