९९९९ इन १

नव्वदच्या दशकात आमच्या वस्तीत व्हिडिओ गेम एकाच घरी होता. आम्ही चौघांनी खाऊचे पैसे साठवून बाजारातून '९९९९ इन १' छापलेली कॅसेट आणली. लावली, तर मारिओ, डक हंट असे मोजकेच खेळ. पुढे तेच पुन्हा पुन्हा, फक्त नावे बदललेली. दुकानदार म्हणाला, "विकलेला माल परत घेत नाही."

आम्ही चिडलो. पण महिन्याभरात आम्ही काय केले? तीच कॅसेट, तोच आकडा दाखवून, आमच्याहून लहान मुलाच्या गळ्यात मारली आणि त्याची चांगली कॅसेट घेतली. तो रडला, आम्ही हसलो.

फसवला गेलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही, मित्रांनो. साखळी आपल्यापाशी जाणीवपूर्वक तोडावी लागते. आम्ही ती तेव्हा तोडली नाही.