वळण आणि विटाळ

नव्याने घरी आणलेल्या प्रौढ कुत्र्याला घरात घाण न करण्याची सवय लावणे, या क्रियेसाठी मराठीत एक शब्द नाही. 'शिकवणे' म्हणावे तर त्यात शाळा येते. 'माणसाळवणे' म्हणावे तर ते बापडे आधीच माणसाळलेले असते. त्यातल्या त्यात जवळचा प्रयोग 'वळण लावणे' हा. पण वळण आपण लावतो ते लहान मुलाला किंवा अक्षराला. चार-पाच वर्षांच्या जाणत्या जिवाला त्याचे एक वळण आधीच असते. ते मोडायचे की त्यातूनच पुढची वाट काढायची, हा प्रश्न आमच्यापुढे मोत्याच्या रूपाने उभा राहिला.

मोत्या हा चिखली तालुक्यातल्या एका नातलगाच्या शेतावरचा राखणदार. रात्री सोयाबीनमध्ये शिरणाऱ्या रोह्यांवर आणि रानडुकरांवर भुंकणे हे त्याचे काम. नातलग वारले, शेत ठोक्याने दिले गेले आणि नव्या कास्तकाराकडे त्याची स्वतःची दोन कुत्री होती. आषाढाच्या अखेरीस मोत्या आमच्या बुलढाण्याच्या घरी आला. तोवर त्याने फरशी पाहिलेली नव्हती. बंद दारही पाहिलेले नव्हते. आकाशाखाली वाढलेल्या कुत्र्याला 'आत' आणि 'बाहेर' हा भेदच ठाऊक नसतो. तो भेद आपला; भिंती बांधल्यावर आपल्याला सुचलेला.

पहिल्या रात्री त्याने विधीसाठी निवडली ती जागा म्हणजे दाराजवळचे काथ्याचे पायपुसणे. घरातल्यांना हा उर्मटपणा वाटला. वस्तुतः ती मोठी तर्कशुद्ध निवड होती. कुत्र्याच्या मनात विधीची जागा पक्की होते ती पंज्यांखालच्या स्पर्शाने आणि वासाने. ज्याने जन्मभर गवत आणि माती जाणली, त्याला गुळगुळीत फरशीच्या विस्तारात गवताशी नाते सांगणारी तेवढी एकच वस्तू सापडली होती. शिवाय आपण झोपतो-खातो ती जागा शक्यतो स्वच्छ ठेवावी, ही जाण कुत्र्यात उपजत असते. मोत्याने आपल्या गोणपाटाच्या अंथरुणाला कधीच धक्का लावला नाही. म्हणजे शिस्त त्याच्यापाशी होतीच. तिची हद्द एका गोणपाटाएवढी होती. ती अख्ख्या घराएवढी व्हायला हवी होती.

सल्ल्यांना तोटा नव्हता. 'नाक घासा त्यात', 'दोन फटके द्या, आपोआप समजेल' इत्यादी. येथे महाभारताच्या अभ्यासकांना आदिपर्वाचा आरंभ आठवावा. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते आईला रडत सांगते की, मी हविष्याकडे पाहिले नाही, त्याला चाटलेही नाही. सरमा येऊन कारण विचारते, तेव्हा कोणीच उत्तर देत नाही. निरपराध्याला मारलेत म्हणून तुमच्यावर अकल्पित भय ओढवेल, असा शाप ती देते. केवढ्या थोरल्या ग्रंथाच्या दाराशी ही गोष्ट बसवलेली आहे! आजचे प्राणिवर्तनाचे शास्त्रही सरमेच्याच बाजूचे आहे. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल नंतर दिलेल्या शिक्षेचा संबंध कुत्र्याला त्या कृतीशी जोडता येत नाही. त्याला एवढेच कळते की हे माणूस अधूनमधून भयंकर होते. मग ते माणसादेखत विधी करायचे टाळते आणि कपाटामागचा कोपरा शोधते.

म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. आधी पशुवैद्यकांकडून तपासणी, कारण मूत्रमार्गाच्या विकारात कुठलीही शिकवण उपयोगी पडत नाही. मग घड्याळ. उठल्याबरोबर, जेवणानंतर पाव तासाने आणि निजण्यापूर्वी त्याला दोरीने धरून आवारातल्या एकाच कडुनिंबापाशी न्यायचे. पोटात अन्न पडले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, ही निसर्गाची वेळ आपण फक्त पाळायची. पावलोव्हला १९०४ साली नोबेल मिळाले ते याच पचनक्रियेच्या अभ्यासासाठी, हे त्याच्या घंटीच्या गोष्टीत आपण विसरतो. काम झाले की त्याच क्षणी शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. घरात परतल्यावर दिलेला तुकडा हा परतण्याचा मोबदला ठरतो. सुदृढ प्रौढ कुत्रे सहा ते आठ तास सहज धरून ठेवू शकते. पिल्लाजवळ नसलेली ही ताकद नव्या घरात येणाऱ्या प्रौढाच्या पदरी असते. राहिला वास. फिनेलने समाधान होते ते आपल्या नाकाचे. त्याच्या नाकाला खालचा जुना मजकूर वाचता येतोच. तो पुसायला विकरयुक्त द्रावण लागते; अमोनिया असलेले तर मुळीच वापरू नये, कारण मूत्रालाही तोच दर्प असतो.

खरी अडचण मात्र फरशीवर नव्हती. आमच्या आईंचे माहेर घाटाखालचे, घरात वारी. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, "वावरातलं कुत्रं हाय ते. त्याले घरातलं काय समजते? महालक्ष्म्या बसायच्या आत सुधरलं तर ठीक, नाही तर त्याची सोय पाहा." महालक्ष्म्या भाद्रपदात, म्हणजे हाती पाचेक आठवडे. 'सोय पाहा' याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. शेतावर आता त्याचे कोणी नव्हते.

आईंच्या बोलण्यात दोन शब्द एकमेकांत मिसळलेले होते, ते आम्हांला हळूहळू उलगडले. एक घाण, दुसरा विटाळ. घाण ही वस्तुस्थिती आहे, पाण्याने जाते. विटाळ ही कल्पना आहे. कितीही पाणी ओतले तरी ती जात नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात काही माणसांना गावाबाहेर बसवले आहे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असे म्हटले आहे. 'कुत्रे घरात नको' या वाक्यात केवळ स्वच्छता बोलत नसते. माणसांनी माणसांना दिलेल्या त्या यातनेशी कुत्र्याच्या गोष्टीची तुलना करण्याचा अविवेक आम्ही करणार नाही. मुद्दा उंबरठ्यावर बसलेल्या शब्दाचा आहे. ज्या चोखोबांनी आणि सोयराबाईंनी या शब्दाला अभंगांतून जाब विचारला, त्यांतल्या चोखोबांचे जन्मगाव म्हणून आमच्याच जिल्ह्यातले मेहुणा राजा सांगितले जाते. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या पायरीशी. ती पायरी त्यांच्या समाजाने ओलांडायला १९४७ साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

महाभारताच्या शेवटाकडेही एक कुत्रे आहे. युधिष्ठिर त्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारतो, हे आपण कौतुकाने शिकवतो. पण पुढे काय होते? ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म निघतो. कुत्रे म्हणून कुत्र्याला स्वर्गाचे दार उघडले की नाही, हा प्रश्न कवीने अलगद बाजूला सारला. घरात कुत्रे आणणाऱ्याला ती सवलत नसते. त्याचे कुत्रे कुत्रेच राहणार असते आणि दार तरीही उघडायचे असते.

पायपुसणे उचलून ठेवले होते. दुसऱ्या आठवड्यात चार अपघात झाले, तिसऱ्यात एक. चौथ्यात मोत्या दाराशी जाऊन उभा राहू लागला आणि बारीक कुंई करू लागला. पहाटे सर्वांत आधी उठतात त्या आई. एका पहाटे आम्ही खाटेवरून ऐकले ते कडी निघाल्याचा आवाज आणि "चाल बापा, घाई झाली तुले" हे शब्द. महालक्ष्म्या बसल्या तेव्हा मोत्या ओसरीवर होता. देवघराची खोली त्याला आजही बंद आहे आणि त्याबद्दल त्याची तक्रार नाही. विटाळ आईंच्या मनातून गेला असे आम्ही म्हणणार नाही. तो एका खोलीपुरता आक्रसला. गोणपाटाची हद्द घराएवढी वाढली आणि सोवळ्याची हद्द खोलीएवढी उरली. असे दोन्ही बाजूंनी सरकल्याशिवाय कोणी कोणाच्या घरात राहू शकत नसावे.

मराठीत 'आवरणे' हे क्रियापद दोन्हीकडे चालते. घर आवरतात आणि स्वतःलाही आवरतात. मोत्या स्वतःला आवरायला शिकला, घर आवरायचे काम आमच्याकडे आले आणि हात उगारणाऱ्यांना तेवढे आवरता आले, तर सरमेला शाप देण्याचे कारण पडत नाही.