सुटणं आणि सोडणं

चि. भाच्यास,


मेकॅनिकल इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षातच सोडावं का, असं तू विचारलं आहेस. नुसतं हो-नाही सांगायचं तर फोन पुरला असता. पण तू लिहिलेल्या दोन शब्दांवर माझं मन अडकलं. आधी 'सोडू का' म्हणालास आणि खाली 'तसंही सुटल्यातच जमा आहे' असं लिहिलंस. दोन्ही शब्द एकाच कुळातले, पण सोडायला माणूस लागतो आणि सुटायला लागत नाही. गाडी सुटते, हात सुटतो, गाठ सुटते. तुम्ही मुलं 'एम-थ्री सुटला' म्हणता तेव्हा त्यात पास झाल्याचा आनंद तरी असतो. कॉलेज सुटतं तेव्हा मात्र कोणीच काही ठरवलेलं नसतं. मला सांगायचंय ते एवढंच: तू सोडलंस तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन, टिकून राहिलास तरी राहीन. पण सुटू देऊ नकोस. लोकांना 'शिक्षण अर्धवट टाकलं' या एका शब्दप्रयोगात दोन्ही सारखीच वाटतात, आणि पुढची सगळी गफलत तिथून सुरू होते.

सुटतं कसं ते जवळून बघ. पुण्याच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसता येत नाही. एखादा विषय राहिला, त्यात दुसऱ्या वर्षाचे दोन-तीन मिळाले की मुलगा 'वाय.डी.', म्हणजे 'इयर डाउन', होतो. वर्गमित्र पुढे जातात. कॉलेजात रोज जायचं कारण उरत नाही, आणि घरी तर सांगितलेलं नसतं. मग सकाळी नेहमीच्या वेळेला सॅक अडकवून बाहेर पडायचं, अभ्यासिकेत किंवा मित्राच्या रूमवर दिवस काढायचा आणि कॉलेज सुटायच्या वेळेला घरी यायचं. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख उद्या-उद्या करत निघून जाते. जर्नलवर सह्या नाहीत म्हणून टर्म ग्रँट नाही, टर्म ग्रँट नाही म्हणून परीक्षा नाही. वर्ष-दीड वर्षाने घरी कळतं तेव्हा 'कधी सोडलंस?' या प्रश्नाला त्या मुलाकडे तारीख नसते, कारण त्याने ते कुठल्याच दिवशी सोडलेलं नसतं. या मुलांना आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. लाज फार मोठी असते आणि ती झाकण्यातच त्यांची सगळी ताकद खर्च होते. पण त्या दीड वर्षात ना डिग्री पुढे सरकते, ना दुसरं काही शिकून होतं. खरं नुकसान हेच. कॉलेज सोडल्याने होणारं नुकसान याच्या पुढे पुष्कळ लहान असतं.

आता सोडणं कसं असतं ते सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये लंडनला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी दाखल झाले. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावं लागलं. आजच्या कुठल्याही नोंदीत ते 'गळती'च्या रकान्यात गेले असते. पण निघण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी मिळवून ठेवली. नंतर बडोद्यात नोकरीच्या ठिकाणी त्यांची जी विटंबना झाली ती तू शाळेत वाचली आहेस. ती नोकरी सोडून ते मुंबईला आले, 1918 ते 1920 सिडनॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज घेतलं आणि 1920 मध्ये, म्हणजे मुदतीच्या आत, लंडन गाठलं. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी. त्यांच्यापुढचे अडथळे आणि तुझ्यापुढचे एका तराजूत घालण्याचा अविचार मी करणार नाही. त्यांची बुद्धीही आपण बाजूला ठेवू. मला दाखवायची आहे ती त्यांची पद्धत, आणि ती कोणालाही वापरता येते: बाहेर पडायची तारीख पक्की, कारण स्पष्ट, मधल्या काळात काय करायचं ते ठरलेलं, आणि परतीची परवानगी हातात.

'पण बिल गेट्सनी कुठे डिग्री पूर्ण केली?' असं तू म्हणशील, म्हणून तेही बघू. 1975 मध्ये मायक्रोसॉफ्ट सुरू झाली तेव्हा गेट्स हार्वर्डमधून रजा घेऊन बाहेर पडले. कंपनी चालली नसती तर परत वर्गात बसण्याची सोय होती. वडील नावाजलेले वकील, आणि शाळेतच, 1968 पासून, संगणक हाताळायला मिळालेला. स्टीव्ह जॉब्सनी 1972 मध्ये रीड कॉलेजातून नाव काढलं, पण नंतरही ते तिथल्या आवडीच्या वर्गांना जाऊन बसत. सुलेखन ते तिथेच शिकले. अझीम प्रेमजी 1966 मध्ये वडील अचानक गेले म्हणून स्टॅनफर्डहून परतले आणि घरचा तेलाचा कारखाना हाती घेतला. राहिलेली पदवी त्यांनी तीसेक वर्षांनी पूर्ण केली. यातलं एकही उदाहरण 'कॉलेज सोडलं की भाग्य उघडतं' हे सिद्ध करत नाही, कारण ज्यांनी सोडलं आणि ज्यांचं काहीच झालं नाही त्यांच्यावर पुस्तकं लिहिली जात नाहीत. पण बारकाईने पाहिलं तर ही सगळी माणसं 'सोडणारी' आहेत. बाहेर पडताना पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते यातल्या बहुतेकांना माहीत होतं.

म्हणून तुझ्यासाठी पहिलं काम कागदाचं आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 2020 मध्ये मधूनच बाहेर पडण्याची आणि परत येण्याची वाट तत्त्वतः मान्य केली: ठरलेली क्रेडिट पूर्ण करून एका वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. 2021 पासून क्रेडिटची बँक आहे आणि मिळवलेली क्रेडिट त्यात सात वर्षं धरली जातात. कागदावर हे उत्तम आहे. पण तुमच्याकडे दर चार-पाच वर्षांनी पॅटर्न बदलतो, 2015 चा, 2019 चा, 2024 चा. तू परत येशील तेव्हा तुझा पॅटर्न बंद झालेला असेल, जुन्या विषयाला नवा समकक्ष विषय शोधावा लागेल आणि खिडकीवरचा माणूस तुला दुसऱ्या खिडकीकडे पाठवेल. म्हणून क्रेडिट तुझ्या खात्यावर चढली आहेत का, तुझ्या पॅटर्नला कोणती सवलत लागू आहे आणि कोर्स पूर्ण करायची कमाल मुदत कधी संपते, हे तीन प्रश्न अर्जावर लिहून परीक्षा विभागाला दे आणि पोच घे. 'नो ड्यूज'चा फॉर्म आण. त्यावर ग्रंथालय, वर्कशॉप, प्रयोगशाळा, जिमखाना, होस्टेल, अकाउंट्स असे चौकोन असतात आणि प्रत्येकात सही लागते. तो फॉर्म घेऊन दोन दिवस फिरावं लागेल. फिर. सोडणं म्हणजे काय ते त्या सह्या गोळा करताना जेवढं कळेल तेवढं माझ्या पत्राने कळणार नाही. त्यातूनही मन बदललं नाही तर निर्णय पक्का आहे असं समजायला हरकत नाही. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. जागा रद्द करणाऱ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागू नये, असा एआयसीटीईचाही नियम आहे.

कर्जाची गोष्ट वेगळी आणि जास्त नाजूक. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारण कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात हे तुम्हा सगळ्यांना पाठ असतं. कोर्स मध्येच सोडला तर ही सवड उरत नाही हे कोणी सांगत नाही. केंद्राच्या व्याज सवलतीचा लाभही मध्येच सोडणाऱ्याला मिळत नाही, अपवाद फक्त आजारपणाचा आणि तोही कागदपत्रांसह. तेव्हा बँकेत आधी जा, कॉलेजात नंतर. आणि आजारपणाचा विषय निघालाच आहे तर सरळ विचारते: झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही, कशातच मन लागत नाही, असं महिनोन् महिने चाललंय का? तसं असेल तर हा इंजिनिअरिंगचा प्रश्न नव्हे, आणि अशा मनःस्थितीत कायमचा निर्णय घेऊच नये. डॉक्टरांना भेट, वैद्यकीय कारणासाठी सत्र थांबवता येतं का ते विचार. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, आणि माझा तर आहेच.

ताई म्हणेल, 'काही कर, पण निदान पदवी तरी घे.' हा आक्षेप मी हलका मानत नाही. एमपीएससीची राज्यसेवा, बँकेची कारकुनी, तलाठी, या सगळ्यांच्या दारात पदवी लागते. बारावीवर पोलीस भरतीसारखी थोडीच दारं उघडतात, आणि तिथे वयाची अट असते. पण ताईच्या वाक्यात 'पदवी' आहे, 'हीच पदवी' नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नेमकं याच माणसांसाठी उभं आहे, आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये सांगितलंय. काम करता करता बी.ए., बी.कॉम. होतं. ती पदवी घेतल्याने इंजिनिअर होता येत नाही, पण पदवीधर होता येतं, आणि ताईच्या काळजीला तेवढं उत्तर पुरेसं आहे. दुसरा आक्षेप भाऊजींचा असणार: दोन वर्षांची फी पाण्यात. ती फी गेलीच आहे, पुढची दोन वर्षं भरल्याने ती परत येत नाही. विचार फक्त पुढच्या फीचा आणि पुढच्या वर्षांचा करायचा. हे त्यांना मी समजावेन, तू वाद घालू नकोस.

आता पुढे काय, हा खरा अवघड भाग. मला वाटतं त्याचं उत्तर तू नेमकं काय सोडतो आहेस यात आहे. पैसा हेच कारण असेल तर सोडण्याआधी भाऊराव पाटलांच्या नावाने चालणाऱ्या 'कमवा आणि शिका'ची आणि राजर्षी शाहू शुल्क सवलतीची चौकशी पुरती झाली का? कॉलेज नको आहे पण यंत्रं आवडतात, असं असेल तर तू मेकॅनिकल सोडत नाहीस, मेकॅनिकल शिकवायची एक रीत सोडतो आहेस. बारावी विज्ञानवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा झाला की पुन्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं दार असतं. आयटीआयचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, वेल्डर एकच वर्षाचा. त्यानंतर 1961 च्या कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिस म्हणून विद्यावेतनावर काम. 'इंजिनिअरिंगवरून आयटीआयला? खाली उतरलास' असं बोलणारे भेटतील. पण यंत्र नुसतं वहीत उतरवून हाताला येत नाही. लेथवर जॉब लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक मायक्रोमीटरवर वाचणाऱ्याला जे कळतं ते जर्नल कॉपी करून चार वर्षं काढणाऱ्याला कळत नाही, आणि यात खालचं कोण हे मला तरी सांगता येत नाही. पण यंत्रंच नको असतील, आणि नको म्हणजे नक्की काय नको हेही कळत नसेल, तर घाईने दुसऱ्या कोर्सला नाव घालू नकोस. कुठेतरी सहा महिने पगारावर काम कर, दुकान असो, वर्कशॉप असो, शेत असो. कसलं काम दिवसभर करवतं हे काम केल्यावरच कळतं.

सगळ्यात खरा आक्षेप मी शेवटी ठेवलाय, कारण माझ्याकडे त्याचं अर्धंच उत्तर आहे: जो एकदा बाहेर पडतो तो सहसा परत येत नाही. पगाराची सवय होते, वय वाढतं, वर्गातली मुलं लहान वाटू लागतात, घरच्या जबाबदाऱ्या येतात. हे होतंच, आणि मुलींच्या बाबतीत त्यात लग्नाची भर पडते. मी एवढंच म्हणू शकते की परतीची तारीख जवळची आणि लिहिलेली असेल तर हा धोका कमी होतो. बाबासाहेबांनाही चार वर्षांची मुदत होती, आणि ती होती म्हणून सिडनॅमच्या पगारातून शिल्लक पडली असावी असं मला वाटतं. तू अठरा महिने धर. त्या तारखेला परत जायलाच हवं असं नाही. त्या दिवशी बसून पुन्हा ठरवायचं, एवढंच बंधन.

आईबाबांना तू आधी सांग, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख येण्यापूर्वी. मी फोन करणार नाही, त्यांनी ते तुझ्या तोंडून ऐकायला हवं. भाऊजी चिडतील. त्यांना लगेच उत्तर देऊ नकोस, बँकेतून आणलेला कागद आणि परीक्षा विभागाची पोच समोर ठेव. रविवारी मी येतेच आहे. तोपर्यंत एका पानावर तीन गोष्टी लिही: कोणत्या तारखेला सोडणार, दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जाणार, आणि पुन्हा कधी ठरवायला बसणार. मधली ओळ कोरी राहिली तर अजून सोडू नकोस, आहेत ती सबमिशन्स पूर्ण कर, फॉर्म भर. आपण दोघं मिळून ती ओळ शोधू.

तुझी,
मावशी