बोअरचे पैसे आणि मालवणची एसटी

आठ-दहा दिवस शेताची नोंद टाकली नाही म्हणून दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना. तब्येत बरी आहे. आम्ही घरची पाच माणसं एसटीनं मालवणला जाऊन आलो. बार्शी तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी भर एप्रिलात फिरायला जातो हे ऐकून गावात बऱ्याच जणांनी तोंडाला हात लावला. मीही लावला असता.

आधी घरातलं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या रानात दोन बोअर आहेत. एक चारशे फुटांवर नुसता फुफाटा देऊन थांबला, दुसरा तासभर चालतो आणि हवा ओढतो. थोरल्याचं म्हणणं, तिसरा घेऊ, सातशे फूट जाऊ. पैसे बाजूला काढून ठेवले होते, गाडीवाल्याशी बोलणंही झालं होतं. आमचे अण्णा, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांचा याला विरोध. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी पंचेचाळीस फुटांची विहीर स्वतः पहारीनं खांदलेली आहे. त्यांच्या पुढं बोअरचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जातात. त्यात एक दिवस थोरला बोलून गेला, "तुमच्या विहिरीचं आता कचराकुंडीच होणार." झालं. फाल्गुनापासून आजोबा-नातवाचं बोलणं बंद. जेवायला एका पंगतीत, पण भाजी मागायची ती माझ्यामार्फत.

मालवणचं डोकं आमच्या मालकिणीचं. थोरल्याच्या कॉलेजातला एक मित्र तिकडचा, तो बरीच वर्षं या म्हणत होता. ज्वारीचं खळं झालेलं, कडब्याची गंजी लागलेली, सीताफळाची बाग ताणावर. मालकीण म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली, पंढरपूर आणि माहेर सोडून मी काही बघितलं नाही. आता बाग तुम्हाला पाणी मागत नाही, तर चला." याला उत्तर नव्हतं. गुरं चुलतभावावर सोपवली.

एसटीचा हिशेब ज्यांना करायचा असेल त्यांच्यासाठी सांगतो. पंचाहत्तरच्या वर वय असलं की एसटीत तिकीट नाही, त्यामुळे अण्णा फुकट. बायकांना अर्धं, म्हणजे आई आणि मालकीण मिळून एक. पूर्ण तिकीट माझं आणि थोरल्याचं. पाच माणसं तीन तिकिटांत. कंडक्टरनं अण्णांना आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट दिलं, तर ते त्यांनी पाचही दिवस टोपीत जपून ठेवलं.

पहिला टप्पा बार्शी ते कोल्हापूर. कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज. सोबत धपाटे, शेंगाचटणी आणि कडक भाकरी. पंढरपुरात गाडी स्टँडवर थांबली तेव्हा आईनं खिडकीतूनच कळसाच्या दिशेला हात जोडले. मिरजेच्या पुढं ऊस सुरू झाला आणि अण्णांनी बाहेर बघणं बंद केलं. म्हणाले, "पाण्याची माणसं आहेत ही." त्यांच्या तोंडी ही शिवी समजावी.

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर बसलो, मिसळ खाल्ली. आई-अण्णा माळकरी, त्यामुळे तांबडा-पांढरा मी आणि थोरल्यानं चोरून जाऊन खाल्ला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, आई थोरल्याच्या मोबाइलवर वाचून घेते. मी मात्र दर दोन तासाला चुलतभावाला फोन करत होतो. म्हैस खाते का, वासरू सुटलं नाही ना, मोटर चालू राहिली नाही ना. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दादा, तू फोन केला की म्हैस दूध चोरते. बंद ठेव." तीस वर्षांत मी रानापासून सलग पाच दिवस कधी लांब राहिलो नव्हतो. मी नसलो की सगळं थांबतं असा माझा समज होता. काही थांबलं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधानगरी, दाजीपूरमार्गे फोंडा घाटाची गाडी धरली. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलेलं. पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडणारे त्याचे दरवाजे आपण दर पावसाळ्यात बातम्यांत बघतो. पुढं जंगलातनं रस्ता. थोरल्यानं गवा दिसतो का म्हणून खिडकी सोडली नाही. गवा दिसला नाही, आईला मात्र घाटात उलटी झाली. कणकवलीत उतरून तिला लिंबूपाणी दिलं, मग पुढची गाडी.

मित्राचं घर मालवणच्या अलीकडं सड्यावरच्या एका वाडीत. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. आमची काळी रानं बघितलेल्या माणसाला ती जमीन भाजल्यासारखी दिसते. पण खाली उतारावर हापूसची कलमं, काजू, फणस आणि घराच्या मागं रातांब्याची झाडं. अंगणभर फोडलेले रातांबे वाळत घातलेले. त्यांचाच रस पुन्हा पुन्हा लावून उन्हात वाळवायचे, म्हणजे सोलं काळी होतात. आमच्या मालकिणीनं पहिल्याच तासात पदर खोचला आणि फोडायला बसली.

पोचल्यावर पाय धुवायला अण्णांनी घंगाळात हात घातला, तर मित्राची आई धावत आली. "काका, पाणी जरा जपून हां. बावीचां पाणी तळाक गेलां."

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मग थोरल्याकडं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला सरळ विचारलं, "काय म्हणली रे ती?"

"विहिरीचं पाणी तळाला गेलंय म्हणतात, अण्णा."

"इथं?"

हे 'इथं' नीट समजून घ्या. लहानपणापासून आम्ही अण्णांच्या तोंडून ऐकत आलो की कोकणात माणसं पाण्यात लोळतात. आमच्याकडं साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तर चांगलं वर्ष. तिथं तीन हजारांच्या वर. आमच्या पाचपट. आणि त्या घरात हंडे मोजून ठेवलेले होते. मे महिन्यात वाडीला टँकर येतो म्हणाले.

संध्याकाळी मित्राच्या वडिलांनी विहीर दाखवली. अण्णा काठावर उकिडवे बसून बराच वेळ आत बघत होते. जांभा तासून काढलेली, सुबक गोल विहीर. तळाला दोन हात पाणी. वडील म्हणाले, पावसात हात घालून पाणी काढता येतं, जानेवारी संपला की उतरायला लागते. कारण विचारलं तर त्यांनी अंगणातल्या एका चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी दगडाच्या भोकांत शिरलं आणि दिसेनासं झालं. आमच्या काळ्या दगडावर ओघळून गेलं असतं. "ही चाळण आहे," ते म्हणाले. "पडतं तितकं झिरपतं, आणि खालच्या अंगानं निघून जातं. डोंगर मागं, समुद्र पुढं, मध्ये अंतर किती?" आतनं त्यांच्या घरच्यांचा आवाज आला की दाखवायला तांब्याभर कशाला पाहिजे होतं, वाटीभर चाललं असतं.

आपल्याकडं उलटं आहे. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून तर रब्बी ज्वारी एका पावसाच्या ओलीवर निघते. पण खालचा दगड घट्ट. त्याच्या भेगा आणि वरचा मुरूम, पाणी बसायचं ते तिथंच. मित्राचे वडील आपल्या ज्वारीचं ऐकून म्हणाले, "तुमची जमीन भाग्यवान." अण्णांना कुणी भाग्यवान म्हणण्याची ही पहिलीच वेळ असावी. बाकी दुखणी सारखीच. आमच्याकडं रानडुक्कर, त्यांच्याकडं माकड.

जेवणाचं सांगायलाच हवं. ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी, सकाळी घावणे. दुसऱ्या दिवशी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या शेवया, नारळाच्या गोड रसात. आई म्हणाली, भाकरी नसताना पोट भरलं असं आज पहिल्यांदा झालं. आम्ही नेलेली शेंगाचटणी त्या घरात दोन दिवसांत संपली.

तिसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग. मालवण जेटीवरनं होडी. अण्णांनी समुद्र बघितला, खाली वाकले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "एवढं पाणी, आणि एक वाफा भिजायचा नाही." बास. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं समुद्रावरचं मत एवढंच. आई मात्र पायावर लाट आली की हसायची, मागं सरायची, परत पुढं यायची. तिला मी असं कधी बघितलं नव्हतं.

किल्ल्याचं बांधकाम महाराजांनी 1664 साली सुरू केलं. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, चुन्यात उमटवलेले महाराजांच्या हाताचे-पायाचे ठसे आहेत. आम्ही सगळे ते बघत होतो आणि अण्णा गायब. शोधलं तर दूधबावीपाशी. किल्ल्यात तीन गोड्या विहिरी आहेत, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोड पाणी. कुणी तरी त्यांना पेलाभर दिलं होतं. प्याले आणि थोरल्याला म्हणाले, "हे कसं?"

थोरला कृषीचा पदवीधर आहे. तो खाली बसला आणि दगडावर बोटानं चित्र काढून सांगायला लागला. बेटावर पडलेला पाऊस खाली मुरतो. गोडं पाणी हलकं, खारं जड, त्यामुळे गोड्याचा थर वर तरंगत राहतो. जेवढं मुरलं तेवढंच काढायचं. मोटर लावून जास्त ओढलं की खालचं खारं वर चढतं. किनाऱ्यावरच्या गावांत काही विहिरी अशाच खाऱ्या झाल्यात.

अण्णांनी ऐकून घेतलं. "म्हणजे मुरलेलंच प्यायचं."

"हो."

"मग सातशे फुटांवर तुझं काय मुरलंय?"

थोरला काही बोलला नाही. मीही नाही. होडीवाला ओरडायला लागला म्हणून निघालो.

परतीच्या प्रवासाचं विशेष काही नाही. कोल्हापुरात गाडी चुकली, दोन तास स्टँडवर काढले, खाज्याचा पुडा फुटला. पण मिरजेपासून अण्णा आणि थोरला एका सीटवर बसले होते. एवढ्यानं सगळं मिटलं असं नाही. थोरला अजून म्हणतो, बोअर लागला तर लागतो, शेजाऱ्याला लागलाच की. तेही खोटं नाही. एकूण खर्च नऊ हजारांच्या आसपास आला. तो बोअरच्या पैशातनंच गेला, हेही सांगून टाकतो.

गाडीवाल्याला थोरल्यानं पाऊस होईपर्यंत थांबायला सांगितलंय. सोमवारपासून विहिरीतला गाळ काढायला माणसं लावतोय. बांधाच्या कडेची ओघळ वळवून आधी गाळ बसायला एक खड्डा, त्याच्या पुढं दगड-खडी-वाळूचा दुसरा खड्डा, आणि तिथनं पाइपनं पाणी विहिरीत, असं ठरलंय. ओघळीचं गढूळ पाणी थेट सोडायचं नाही, झरे बुजतात. खड्ड्यांची मापं थोरला काढतोय आणि अण्णा ती चुकीची आहेत म्हणून सांगतायत. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी वाळूचा थर किती दिला ते जरूर कळवा.

आणि मालकिणीनं येताना रातांब्याची दोन रोपं आणलीत. न्हाणीच्या पाण्यावर लावलीत. आपल्या हवेत, चुनखडीच्या रानात ती जगतील असं मला वाटत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.