बंद पडद्यातली खोली

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मोठ्या टीव्हीचा विषय निघाला. दुकानात सगळे पडदे भडक उजळलेले. मी मात्र काळा रंग न्याहाळत राहिलो. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, स्वतः विझतो; म्हणून तिथली रात्र खरोखर रात्र वाटते.

१९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी आमच्या छोट्या पडद्यासमोर शेजारपाजारचे दाटीवाटीने बसत. आता घरी आणलेला नवा टीव्ही बंद केला की त्या काळ्या काचेत खिडकी, सोफा आणि एकटी आई दिसते. पोटात कालवतं. का, ते अजून नीट उमगलेलं नाही.

हल्ली संध्याकाळी मीही तिथे बसतो. सोफा सात फुटांवर आहे. तेवढ्या अंतरावरून ५५ इंची पडद्यावरची बातम्यांची पट्टी आईला स्वच्छ वाचता येते.